गोव्याचे लोहखनिज आणि गावाची विहीर

डिचोली, सत्तरी, सांगे आणि केपे या तालुक्यांतील डोंगरांत गोव्याचे लोहखनिज आहे. त्याच जातीचे खनिज उत्तरेस सिंधुदुर्ग जिल्ह्यातील रेडी येथेही आढळते. पोर्तुगीज राजवटीने खाणींचे हक्क मुदतीविना बहाल केले होते. १९८७ च्या केंद्रीय कायद्याने हे हक्क संपुष्टात आणून त्यांचे भाडेपट्ट्यांत रूपांतर केले. खनिज बहुतांशी कनिष्ठ प्रतीचे असल्याने देशातील पोलाद कारखान्यांकडून त्यास मागणी बेताचीच राहिली. ग्राहक होता तो प्रथम जपान आणि पुढे चीन. मांडवी व जुवारी या नद्यांतून बार्जने मुरगाव बंदरापर्यंत होणारी स्वस्त वाहतूक, हेच या धंद्याचे खरे भांडवल म्हणावे लागेल.

एक टन खनिज मिळविण्यासाठी साधारणतः अडीच ते तीन टन माती व दगड उपसावे लागतात. खनिज परदेशी जाते, उपसा गावाच्या सीमेवर ढिगाऱ्यांच्या रूपाने राहतो. कोकणपट्टीतील पावसात हे ढिगारे वाहून ओहोळ व भातशेते गाळाने भरतात. पाण्याचा प्रश्न मात्र याहून गहन आहे. डोंगरावरचा सच्छिद्र जांभा दगड पावसाचे पाणी मुरवून घेतो आणि तेच पाणी पायथ्याच्या झऱ्यांना व विहिरींना वर्षभर पुरते. खाण भूजलपातळीच्या खाली गेली की खड्डा कोरडा ठेवण्यासाठी पंप अहोरात्र चालवावे लागतात. साहजिकच भोवतालचे पाणी विहिरींकडे न जाता खड्ड्याकडे ओढले जाते. लईराईच्या जत्रेसाठी प्रसिद्ध असलेल्या शिरगावने विहिरी आटण्याचा हा अनुभव घेतला आहे. उलट प्रकारचा धोका दोडामार्ग तालुक्यातील कळणे येथे जुलै २०२१ मध्ये दिसला. तेथे खाणीतील साठलेल्या पाण्याचा बांध फुटला आणि चिखलाचा लोट वस्तीत व बागायतीत शिरला.

चीनच्या मागणीने भाव वाढताच उत्खननाची घाई झाली. न्या. शाह आयोगाच्या अहवालानंतर सप्टेंबर २०१२ मध्ये राज्य शासनाने व लगोलग सर्वोच्च न्यायालयाने खाणकाम थांबविले. २०१४ च्या निकालात न्यायालयाने पट्ट्यांची मुदत २२ नोव्हेंबर २००७ रोजीच संपल्याचे ठरविले, वार्षिक उत्खननावर २ कोटी टनांची मर्यादा घातली आणि विक्रीच्या १० टक्के रकमेचा कायम निधी उभारण्यास सांगितले. खनिज हे उत्पन्न नसून मुद्दल आहे, हा विचार या निधीमागे आहे. पुढे लिलाव सक्तीचा करणारा वटहुकूम १२ जानेवारी २०१५ रोजी निघाला. नेमक्या त्याआधीच्या आठवड्यात अनेक पट्ट्यांचे नूतनीकरण झालेले होते. ही तत्परता न्यायालयास पटली नाही. फेब्रुवारी २०१८ मध्ये ८८ पट्टे रद्द झाले. ट्रक व बार्ज यांवर कर्ज काढून बसलेल्या कुटुंबांना त्याची झळ सर्वाधिक लागली, हेही नमूद केले पाहिजे. डिसेंबर २०२२ मध्ये पहिल्या चार खाणपट्ट्यांचा लिलाव झाला.

लिलावाने शासनाला रास्त मोबदला मिळू शकतो. विहिरीचे रक्षण त्याने आपोआप होत नाही. त्यासाठी २००६ च्या पर्यावरण अधिसूचनेतील जनसुनावणी हे ग्रामस्थांच्या हातातील मुख्य साधन होय. सुनावणीपूर्वी किमान ३० दिवसांची सूचना द्यावी लागते, तसेच अहवालाचा सारांश स्थानिक भाषेत उपलब्ध करावा लागतो. पंचायत सदस्यांनी त्यात प्रथम पाहावे ते हे, की गावातील विहिरींची उन्हाळी पातळी त्यात नोंदविली आहे काय. मूळ नोंदच नसेल, तर पाणी खाणीमुळे आटले हे पुढे सिद्ध करणे कठीण जाते. ही नोंद ठेवण्यास फारसा खर्चही नाही. एप्रिल व मे महिन्यांत, ठरलेल्या दिवशी, शाळेतील मुलांनी शिक्षकांसह गाठी मारलेली दोरी प्रत्येक विहिरीत सोडावी आणि काठापासून पाण्यापर्यंतचे अंतर वहीत लिहून त्यावर ग्रामसेवकाची सही घ्यावी.