तीस वळणांची शर्यत

मे महिन्यात वर्ध्याचा पारा ४५ अंशांच्या पुढे जातो, म्हणून पोलीस भरतीच्या ८०० मीटरसाठी पळणाऱ्या मुली सराव उजाडायच्या आत उरकतात. अशा ठिकाणी ३००० मीटरच्या ‘इनडोअर’ शर्यतीचा विषय निघाला की प्रश्न ठरलेला: डोक्यावर छप्पर, ऊन नाही, वारा नाही, मग अवघड ते काय?

अवघड आहेत ती वळणं. मैदानावरचा ट्रॅक ४०० मीटरचा, त्याच्या वळणाची त्रिज्या साधारण ३६.५ मीटर. बंदिस्त ट्रॅक २०० मीटरचा आणि वळणाची त्रिज्या जेमतेम १७ मीटर. बाहेर ३००० मीटरला साडेसात फेऱ्या, म्हणजे पंधरा वळणं. आत पंधरा फेऱ्या आणि तीस वळणं. वेगात पळणारीला ते वळण बाहेर फेकतं, म्हणून तिथं ट्रॅक सुमारे दहा अंशांनी तिरका उचललेला असतो. शिवाय पुढचीला मागे टाकायला कुणी एक मीटर बाहेरून गेली, तर प्रत्येक वळणाला तिचं ३.१४ मीटर अंतर वाढतं. सगळी तीस वळणं ती तशीच पळाली, तर चौऱ्याण्णव मीटरचा भुर्दंड! आतली कड धरावी, तर घोळक्यात कोंडून पडायची भीती. आणि त्या कडेच्या आत पाय गेला तर पंच सोडत नाहीत. २०२४ साली तेहरानच्या आशियाई इनडोअर स्पर्धेत भारताचा गुलवीर सिंग पुरुषांची ३००० मीटर जिंकला होता. मार्गिकेच्या नियमभंगावरून त्याला बाद ठरवलं गेलं.

छपराबद्दलही एक गंमत आहे. जागतिक अ‍ॅथलेटिक्स संघटनेनं २०२३ मध्ये या प्रकाराला ‘शॉर्ट ट्रॅक’ म्हणायला सुरुवात केली. ट्रॅक २०० मीटरचा हवा. छप्पर असलंच पाहिजे असं नाही.

विक्रमाच्या जवळ जाईल तीच विजेती, हेही खरं नाही. महिलांच्या ३००० मीटरचा इनडोअर विश्वविक्रम इथिओपियाच्या गेन्झेबे दिबाबाचा, ८ मिनिटं १६.६० सेकंदांचा, २०१४ सालचा. २०२५ मध्ये नानजिंगच्या जागतिक इनडोअर स्पर्धेत धावपटू फ्रेवेनी हायलू ८:३७.२१ मध्ये जगज्जेती झाली. तब्बल वीस सेकंदांनी संथ! विश्वविजेतेपदाच्या शर्यतीत वेग लावून द्यायला पेसमेकर नसतो. सगळ्या एकमेकींवर नजर ठेवून शेवटच्या फेऱ्यांची वाट पाहतात.

आणखी एक समज घराघरांतला, आणि तो जास्त नुकसान करणारा: मूल झालं की बाईचं पळणं संपलं. अमेरिकेची एल सेंट पियरे मार्च २०२३ मध्ये आई झाली. मार्च २०२४ मध्ये ग्लासगोच्या जागतिक इनडोअर स्पर्धेत ३००० मीटरला तिनं १०,००० मीटरची तेव्हाची जगज्जेती गुडाफ सेगायला शेवटच्या टप्प्यात गाठून मागे टाकलं आणि ८:२०.८७ अशा स्पर्धा-विक्रमी वेळेत सुवर्ण जिंकलं. व्हरमाँटमध्ये नवऱ्याबरोबर ती दुभत्या गाईंचा गोठा सांभाळते. आर्वी-कारंजाकडं गवळाऊ गाई पाळणाऱ्या घरांना शेणमूत, दूधदुभतं यात किती जीव जातो हे सांगायला नको.

राहिला प्रश्न ‘हे आपल्याकडचं नव्हेच’ याचा. नाशिकच्या संजीवनी जाधवनं २०१७ साली अश्गाबातच्या आशियाई इनडोअर खेळांत ३००० मीटरचं रौप्य मिळवलं. तेहरानला अंकिता ध्यानीनं याच शर्यतीत रौप्य घेतलं. भुवनेश्वरच्या कलिंग स्टेडियममध्ये आता बंदिस्त ट्रॅक आहे, पण संजीवनी पळाली तेव्हा तोही नव्हता.

वर्ध्यात असा ट्रॅक नाही, म्हणून वळणांचा सराव अडायला नको. मैदानावर फक्कीनं सतरा मीटर त्रिज्येची अर्धवर्तुळं आखून चार-पाच मुलींना घोळक्यात पळवता येतं. फक्त सपाट जमिनीवर तिरका आधार मिळत नाही आणि घोटे दुखावतात. तेव्हा प्रशिक्षकांनी वेग कमी ठेवावा आणि दिशा मधूनमधून बदलावी.