गोड बंद, पण पुढे काय?

मधुमेह म्हणजे पोट सुटलेल्या, पन्नाशीतल्या माणसाचा आजार, असं आपण धरून चालतो. पण २००४ साली 'लॅन्सेट'मध्ये दोन डॉक्टरांचा एक फोटो छापून आला: पुण्याच्या केईएम हॉस्पिटलचे डॉ. याज्ञिक आणि लंडनचे डॉ. युडकिन. दोघांचा बीएमआय २२.३. शरीरातली चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के, तर याज्ञिक यांची २१.२ टक्के! म्हणजे वजनकाट्याच्या भरवशावर आपण राहू नये हे बरं. आयसीएमआरच्या २०२३ च्या अहवालानुसार देशात दहा कोटींवर मधुमेही आहेत.

गोळ्या मिळतात, पण आहाराचा सल्ला मिळत नाही. माझ्या वडिलांना शुगर निघाली तेव्हा सल्ला मिळाला दोनच शब्दांचा: "गोड बंद." चहात साखरेऐवजी गूळ आला, भात सुटला आणि भाकऱ्या चार झाल्या. शुगर काही उतरेना. कारण गूळ ही साखरच, आणि ज्वारीच्या पिठाचंही शेवटी ग्लुकोजच होतं.

पुढे एका आहारतज्ज्ञ बाईंनी आईलाही समोर बसवलं, कारण स्वयंपाक तिच्या हातात. त्यांनी कॅलरी सांगितल्या नाहीत, ताट आखून दिलं: अर्ध्यात भाजी-कोशिंबीर, पावात उसळ किंवा डाळ, उरलेल्या पावात भाकरी किंवा भात. आमच्या घरी हे लगेच कळलं. मेसच्या ताटालाही हाच हिशोब लागू पडतो.

पण गावातला माणूस रोजगार बुडवून सल्ल्यासाठी सांगलीला किती वेळा येणार? सरकारी आरोग्य केंद्रात तीस वर्षांवरच्यांची मधुमेहाची तपासणी होते. आशाताई घरी येऊन कमरेचा घेर, तंबाखू, व्यायाम, आई-वडिलांचा आजार विचारून गुण देतात. चारच्या वर गेले की तपासणी आधी. याच भेटीत ताटाचं चित्र हातात पडलं आणि घरच्या बाईशी दहा मिनिटं बोलणं झालं, तर केवढं काम होईल! एनएसएसच्या शिबिरात असं चित्र भिंतीवर रंगवणं आपल्याला अवघड नाही. सुट्टीत घरी गेलात की आई-वडिलांना तपासणीला न्याच.

होस्टेलवाल्यांनी एवढं लक्षात ठेवा. इन्सुलिन घेणाऱ्या मित्राला घाम फुटला, हात थरथरले, तर तीन चमचे साखर पाण्यातून लगेच द्या. पंधरा मिनिटांत बरं वाटलं नाही तर पुन्हा द्या. बेशुद्ध असेल तर तोंडात काही घालू नका, १०८ ला फोन करा.