मांजराचा 'एड्स' : घराबाहेर काढण्याचे कारण नाही

शिरूर/दौंड (प्रतिनिधी) : मांजराच्या रक्ताच्या अहवालात 'एफआयव्ही पॉझिटिव्ह' अशी नोंद आली, की मांजर पाळणाऱ्या कुटुंबात पहिली चौकशी होते ती घरातील लहान मुलांची. 'हा मांजरांचा एड्स आहे' एवढेच वाक्य कानी पडलेले असते आणि मग ते जनावर दूर कुठेतरी बाजारात किंवा स्थानकाजवळ सोडून द्यावे, असा विचार बळावतो. 'एड्स' या एका शब्दाने मांजरांचे जेवढे अहित केले आहे, तेवढे खुद्द विषाणूनेही केले नसावे. मुळात हा आजार माणसाला होत नाही, आणि बाधित मांजर योग्य निगेत अनेक वर्षे सुखाने जगू शकते.

एफआयव्ही म्हणजे मांजरांची रोगप्रतिकारशक्ती क्षीण करणारा विषाणू. अमेरिकेत कॅलिफोर्नियातील पेटालुमा येथे एकत्र पाळलेल्या मांजरांपैकी काही वारंवार आजारी पडू लागली, तेव्हा डेव्हिस येथील विद्यापीठात निल्स पेडरसन आणि जॅनेट यामामोटो यांनी १९८६ मध्ये हा विषाणू वेगळा केला. माणसातील एचआयव्हीचा शोध त्याआधी तीनच वर्षे, १९८३ मध्ये लागला होता. दोन्ही विषाणू एकाच कुळातील असल्याने 'मांजरांचा एड्स' हे नाव रूढ झाले. मात्र पेशीत शिरण्यासाठी मांजराच्या विषाणूला जो दुवा लागतो, तो एचआयव्हीला लागणाऱ्या दुव्याहून भिन्न आहे. चावल्याने, ओरखडल्याने, चाटल्याने किंवा मांडीवर बसल्याने हा आजार माणसाला झाल्याचे एकही उदाहरण नाही. कुत्री, गाई-म्हशी, शेळ्या यांनाही तो होत नाही. शरीराबाहेर हा विषाणू फार काळ टिकत नाही आणि साध्या साबणाच्या पाण्यानेही नष्ट होतो.

मग तो पसरतो कसा? मुख्यतः खोल चाव्यातून. बाधित मांजराच्या लाळेतील विषाणू दाताच्या जखमेवाटे दुसऱ्याच्या शरीरात थेट जातो. म्हणूनच हा प्रामुख्याने भांडकुदळ बोक्यांचा आजार ठरतो. घोडनदीकाठची शिरूरची जुनी वस्ती असो वा दौंडच्या रेल्वे वसाहतीचा परिसर, मांजर येथे घराचे असूनही रात्री गल्लीचे असते. माजाच्या काळात छपरांवर चालणारी बोक्यांची झुंज आपण केवळ झोपमोड म्हणून सोडून देतो. दुसऱ्या दिवशी बोका लंगडत येतो, गालावर किंवा शेपटीच्या मुळाशी गळू होते, हळद लावली जाते आणि विषय संपतो. तपासणीचा विचार खरे तर तेव्हाच व्हायला हवा. २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या उत्तर अमेरिकेतील पाहणीत १८ हजारांहून अधिक मांजरांपैकी सुमारे अडीच टक्के मांजरे बाधित आढळली होती. बाहेर फिरणाऱ्या, खच्चीकरण न झालेल्या बोक्यांत हे प्रमाण सर्वत्रच अधिक असते.

लागण झाल्यावर काही आठवड्यांत थोडा ताप येतो, गाठी सुजतात. बहुधा ते कोणाच्या लक्षातही येत नाही. त्यानंतर वर्षानुवर्षे मांजर वरकरणी ठणठणीत असते. काही मांजरांची प्रतिकारशक्ती पुढे ढासळते, तर काही वार्धक्याने किंवा अन्य कारणाने मरेपर्यंत या विषाणूमुळे आजारीच पडत नाहीत. आजार उमटतो तो बहुतेकदा तोंडात. हिरड्या लालभडक होतात, लाळ गळते, दुर्गंधी येते. भुकेले मांजर घास तोंडात घेते आणि वेदनेने टाकून देते. अंग चाटून स्वच्छ ठेवणे थांबते, केस राठ होतात. मांजर दुखणे लपविण्यात पटाईत असल्याने हे बारकावे घरच्यांनीच टिपायचे असतात.

निगेची पहिली पायरी म्हणजे मांजराला घरात ठेवणे आणि नर असो वा मादी, त्याची नसबंदी करून घेणे. त्यामुळे भटकणे व भांडणे घटतात, इतरांना लागण होण्याचा धोका कमी होतो आणि बाधित मांजरालाही बाहेरचे नवे जंतू भेटत नाहीत. पिल्लांना सात घरे फिरविणारा हा प्राणी घरात कसा राहणार, अशी शंका रास्त आहे. पण खिडक्यांना जाळी, चढायला फळी आणि वाळूची स्वच्छ पेटी एवढ्यावर बहुतेक मांजरे काही आठवड्यांत रुळतात. शिरूर तालुक्याच्या उसाच्या पट्ट्यात बिबट्यांचा वावर आहे. तेथे तर रात्री मांजर घरात असणे तसेही शहाणपणाचे.

दुसरी बाब खाण्याची. कोंबडीच्या दुकानातून आणलेली कच्ची आतडी-काळीज मांजराला घालण्याची आपली जुनी सवय येथे सोडावी लागेल. प्रतिकारशक्ती उणी असलेल्या मांजराला कच्च्या मांसातील जंतू व परजीवी अधिक बाधतात. निरोगी जनावरांनाही हा धोका आहेच. डिसेंबर २०२४ च्या अखेरीस नागपूरच्या गोरेवाडा केंद्रात तीन वाघ व एक बिबट्या दगावले, ते बर्ड फ्लूच्या विषाणूने, हे जानेवारी २०२५ मध्ये स्पष्ट झाले. त्याच महिन्यात मध्य प्रदेशातील छिंदवाडा येथे पाळीव मांजरांतही तो आढळला. तेव्हा मांस शिजवूनच द्यावे. गोठ्यातले धारोष्ण दूधही नको. अनेक प्रौढ मांजरांना तर उकळलेले दूधही पचत नाही.

औषधांबाबत एक गोष्ट आवर्जून सांगायला हवी. मांजरांना गजकर्ण वारंवार होते आणि त्यावर ग्रिसिओफल्विन हे जुने, स्वस्त औषध वापरले जाते. एफआयव्हीबाधित मांजरात ते रक्तातील पांढऱ्या पेशी धोकादायकरीत्या घटवू शकते, म्हणून ते टाळायचे असते. डॉक्टर बदलला तर चाचणीचा अहवाल दाखविणे याचसाठी आवश्यक. स्टिरॉइडचे इंजेक्शनही विचारपूर्वकच. तापासाठी माणसाची पॅरासिटामॉलची गोळी तर कोणत्याही मांजराला देऊ नये. ती त्याच्यासाठी विष आहे.

विषाणू शरीरातून घालवून टाकणारे औषध नाही. दर सहा महिन्यांनी तपासणी, वेळच्या वेळी जंतनाशक, रेबीजसह नियमित लसी (शक्यतो निष्क्रिय विषाणूच्या) आणि दर महिन्याला वजन, हाच उपचार. वजनासाठी स्वतः मांजरासह काट्यावर उभे राहावे आणि मग एकट्याचे वजन वजा करावे. लहानसा फरकही कळणारा काटा मात्र हवा. चार किलोच्या मांजराचे २०० ग्रॅम उतरले म्हणजे पाच टक्के घट झाली, आणि ती दुर्लक्षिण्याजोगी नसते.

घरात दुसरी मांजरे असतील तर? एकमेकांशी गुण्यागोविंदाने राहणाऱ्या मांजरांत एका ताटलीत खाण्याने किंवा चाटण्याने लागण होण्याची शक्यता फार कमी असते. अमेरिकेतील एका आसऱ्यात बाधित व निरोगी मांजरे वर्षानुवर्षे एकत्र राहूनही लागण पसरली नसल्याचे २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसले. भांडणारी मांजरे मात्र वेगळी ठेवलीच पाहिजेत.

नावांचा गोंधळही निस्तरायला हवा. एफईएलव्ही हा रक्ताच्या कर्करोगाशी निगडित विषाणू लाळेतून सहज पसरतो, तर एफआयपी हा मांजरांच्या कोरोना विषाणूतून उद्भवणारा आजार आहे. एफआयव्ही यांपैकी कोणीच नव्हे. चाचणी विषाणू नव्हे, तर त्याविरुद्धची प्रतिद्रव्ये शोधते. चाव्यानंतर ती तयार होण्यास सुमारे ६० दिवस लागू शकतात. लगेच केलेली चाचणी निर्दोष आली तरी ती पुन्हा करावी लागते.

तालुक्याच्या सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यांचा भार प्रामुख्याने गाई-म्हशी व शेळ्या-मेंढ्यांचा असतो, त्यामुळे मांजराच्या चाचणीसाठी आधी दूरध्वनीवरून विचारणा करावी. पुण्यातील खासगी दवाखाने किंवा पुणे-सातारा महामार्गावरील शिरवळचे क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यकीय महाविद्यालय हे पुढचे पर्याय. पाळीव जनावर उपासमार होईल अशा स्थितीत वाऱ्यावर सोडणे हा १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यान्वये गुन्हा आहे. शिवाय सोडलेला बाधित बोका नव्या गल्लीत पुन्हा भांडणारच, म्हणजे आजार तेथेही पोहोचणार.

पिल्लांबाबत घाई करू नये. बाधित आईच्या दुधातून आलेल्या प्रतिद्रव्यांमुळे लहान पिल्लाची चाचणी 'पॉझिटिव्ह' येते, पण प्रत्यक्षात बहुतेक पिल्ले बाधित नसतात. सहा महिन्यांचे झाल्यावर पुन्हा रक्त तपासावे, आणि तोवर पिल्लू घरातच ठेवावे.