मारिओ : अक्षरांविना वाचलेला खेळ

दिवाळी अंकाच्या संशोधनविभागात ‘मारिओ’चे काय काम, असा प्रश्न वाचकाला पडेल. पण धुळे-सुरत रस्त्यावरच्या साक्रीसारख्या तालुक्याच्या गावी, घरात अहिराणी आणि शाळेत मराठी बोलणाऱ्या मुलांनी हा जपानी खेळ कुणी न शिकवता आत्मसात केला. माहितीपुस्तिका हाती नसे. असली तरी इंग्रजीत. मग मुलांना तो कळला कसा?

निन्तेंदो कंपनीने ‘सुपर मारिओ ब्रदर्स’ १३ सप्टेंबर १९८५ रोजी जपानमध्ये आणला. शिगेरू मियामोतो आणि ताकाशी तेझुका यांनी तो रचला. संगीत कोजी कोंदो यांचे. सारा खेळ ४० किलोबाइटांत बसवलेला : ३२ आज्ञावलीसाठी, ८ चित्रांसाठी. आज मोबाइलवर येणारे ‘शुभ सकाळ’चे एक चित्रही बहुधा याहून जड असते.

त्या ८ किलोबाइटांत ८ बाय ८ ठिपक्यांचे ५१२ तुकडे मावतात. ठिपक्यांच्या रांगोळीसारखे तेच तुकडे फिरवून-जोडून सारे जग उभे करायचे. म्हणूनच आकाशातला ढग आणि जमिनीवरचे झुडूप हा एकच आकार आहे. एक पांढरा, दुसरे हिरवे. मारिओची टोपी आणि मिशीही अशाच टंचाईतून, १९८१च्या ‘डाँकी काँग’मध्ये आली. इतक्या कमी ठिपक्यांत केस आणि तोंड नीट उमटत नव्हते.

जागा कमी, म्हणून प्रत्येक वस्तूला अर्थ हवा. पहिलाच पडदा पाहा. मारिओ डावीकडे उभा, उजवीकडे मोकळी वाट. म्हणजे चालायचे कुठे ते सांगून झाले. समोरून रागीट भुवयांचा छोटा शत्रू येतो. आदळलात तर मरण, पण पुन्हा सुरुवात लगेच, आणि गमावलेले अंतर चार पावलांचे. प्रश्नचिन्हाच्या ठोकळ्यातून निघालेले अळंबे उजवीकडे सरकते, नळाला धडकून परत मारिओकडेच येते. घाबरून उडी मारली तरी डोके वरच्या विटांना आपटते आणि तो बहुधा अळंब्यावरच पडतो. मोठा होतो. हे चांगले, ते वाईट : धडा संपला. एक शब्दही न वापरता.

आपल्याकडे हा खेळ मुख्यतः टीव्हीला जोडायच्या स्वस्त नकली यंत्रांतून पसरला. कॅसेटवर ‘९९९९९९९ इन १’ असे छापलेले. आत मोजकेच खेळ, तेच वेगवेगळ्या टप्प्यांपासून पुन्हा पुन्हा मांडलेले. अशी कॅसेट उघडली की हिरव्या पट्टीवर काळ्या डांबरासारखा एक थेंब दिसतो, चिप त्याखाली. फुंकर मारल्याने ती चालते असा सर्वांचा विश्वास होता. खरे तर काढून पुन्हा बसवल्याने पट्टीचा संपर्क नीट जुळत असे.

कायद्याच्या दृष्टीने ही चोरीची नक्कल, यात शंका नाही. पण मूळ यंत्र आपल्या गावांच्या आवाक्यातच नव्हते. या कॅसेटींमुळे एका पिढीने पडद्यावरचे जग ‘वाचायला’ आणि आपल्या हाताने चालवायला शिकून घेतले. पुष्कळांच्या घरात संगणक आला तो त्यानंतर. जुने दिवाळी अंक ग्रंथालयांत बांधून ठेवले जातात. या कॅसेटी मात्र भंगाराच्या भावाने जातात. माळ्यावर एखादी सापडली तर फेकण्याआधी तिच्यावरचे लेबल तरी वाचा, कुणाकडून आली ते लिहून ठेवा. आपल्या गावांच्या वाचनाच्या इतिहासातले ते एक पान आहे.