कोरोना आणि लिव्हर : भीती कशाची, काळजी कशाची?

तापाचा तिसरा-चौथा दिवस असतो. कोरोनाची चाचणी पॉझिटिव्ह आलेली असते आणि रक्ताच्या रिपोर्टमध्ये एसजीपीटीच्या समोर ठळक अक्षरांत ९२ छापलेले असते. सामान्य मर्यादा चाळिसाच्या आसपास. घरातले कुणीतरी म्हणते, "लिव्हरवर गेलंय." मग सल्ले सुरू होतात. कुणी पॅरासिटामॉल बंद करायला सांगते, कुणी काढा वाढवायला सांगते, तर कुणी कावीळ उतरवणाऱ्याचा पत्ता देते.

हे सगळे मायेपोटीच होते. पण यातले काही सल्ले कोरोनापेक्षा यकृताला जास्त महागात पडू शकतात. प्रौढ रुग्णांच्या बाबतीत हा विषाणू यकृताचे काय करतो, काय करत नाही आणि खरी काळजी कुणी घ्यायची, हे साध्या शब्दांत समजून घेऊ.

गैरसमज १ : एसजीपीटी वाढले म्हणजे लिव्हर खराब झाले.

वस्तुस्थिती : एसजीपीटी आणि एसजीओटी ही पेशींच्या आत असणारी विकरे आहेत. पेशींना इजा झाली की ती रक्तात उतरतात. म्हणजे हे आकडे इजेची खूण सांगतात, यकृताची ताकद सांगत नाहीत. यकृत काम किती करते हे कळते ते बिलिरुबिन, अल्ब्युमिन आणि रक्त गोठण्याच्या चाचणीवरून. शिवाय एसजीओटी स्नायूंमध्ये आणि हृदयातही असते. कोरोनात अंग मोडून येते, स्नायूंना सूज येते, त्यामुळेही हा आकडा चढू शकतो.

वुहानच्या जिन्यिन्तान रुग्णालयात जानेवारी २०२० मध्ये दाखल झालेल्या ९९ रुग्णांची माहिती अगदी सुरुवातीलाच प्रसिद्ध झाली. त्यांतल्या ४३ जणांच्या यकृताच्या चाचण्या कमी-अधिक बिघडलेल्या होत्या. मात्र गंभीर इजा एकालाच झाली होती. त्याचे एसजीपीटी ७,५९० पर्यंत गेले होते. पुढे जगभर हेच चित्र दिसले : रुग्णालयात दाखल झालेल्या अनेकांचे आकडे वाढतात, पण बहुतेकांचे ते मर्यादेच्या दुप्पट-तिप्पटीच्या आतच राहतात. कावीळ होणारे थोडे आणि यकृत पूर्ण निकामी होणारे फारच थोडे. आजार ओसरला की आकडेही काही आठवड्यांत बहुधा खाली येतात.

म्हणून आकडा दुर्लक्षू नये, पण त्याने घाबरूनही जाऊ नये. तो खूप चढला असेल किंवा आजाराबरोबर वाढतच चालला असेल, तर तो आजाराच्या तीव्रतेचा इशारा असू शकतो. त्याचा अर्थ डॉक्टरांनीच लावायचा.

गैरसमज २ : कोरोनाचा विषाणू थेट यकृत पोखरतो.

वस्तुस्थिती : हा विषाणू पेशीत शिरतो तो एसीई-२ नावाच्या कडीला धरून. यकृतात ही कडी पित्तनलिकांच्या अस्तरातल्या पेशींवर जास्त आढळते, मुख्य यकृतपेशींवर बरीच कमी. मृत रुग्णांच्या यकृताच्या तपासणीत काही वेळा विषाणूचे अंश सापडले आहेत, त्यामुळे थेट संसर्ग होतच नाही असे म्हणता येणार नाही. पण यकृताच्या बिघाडामागची कारणे बहुतेकदा दुसरीकडे असतात.

शरीरात पेटलेला दाह हे त्यांतले पहिले कारण. फुप्फुसे थकली की रक्तातला ऑक्सिजन घटतो आणि यकृतपेशी गुदमरतात. बारीक रक्तवाहिन्यांत गुठळ्या होतात. हृदयावर ताण आला तर रक्त यकृतात तुंबते. शेवटचे कारण औषधांचे : विषाणूविरोधी औषधे, काही प्रतिजैविके आणि दाह आवरणारी इंजेक्शने यांनीही विकरे वाढू शकतात. म्हणूनच रेमडेसिव्हिर देताना यकृताच्या चाचण्या करतात आणि एसजीपीटी फारच चढले तर ते थांबवतात. थोडक्यात, कोरोनात यकृत बहुतेक वेळा सबंध शरीरावर आलेल्या संकटाची झळ सोसत असते.

गैरसमज ३ : यकृताचा आजार असलेल्या प्रत्येकाला कोरोनाचा धोका सारखाच.

वस्तुस्थिती : धोक्यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. जुना यकृतविकार असलेल्या आणि कोरोना झालेल्या रुग्णांच्या नोंदी २०२० मध्ये आंतरराष्ट्रीय पातळीवर एकत्र करण्यात आल्या. २९ देशांतल्या ७४५ रुग्णांच्या त्या नोंदींत सिरॉसिस नसलेल्यांपैकी ८ टक्के दगावले, तर सिरॉसिस असलेल्यांपैकी ३२ टक्के. सिरॉसिसच्या सुरुवातीच्या टप्प्यात मृत्यूचे प्रमाण १९ टक्के होते, मधल्या टप्प्यात ३५ आणि शेवटच्या टप्प्यात ५१. दारूमुळे यकृत बिघडलेल्यांना धोका आणखी जास्त होता. हे आकडे लस येण्याआधीचे आणि मुख्यतः रुग्णालयात आलेल्यांचे आहेत हे लक्षात ठेवायला हवे. तरी चढण स्पष्ट दिसते.

याच अभ्यासातली आणखी एक गोष्ट प्रत्येक सिरॉसिस रुग्णाच्या घरात माहीत असायला हवी. पोटात पाणी होणे, भ्रमिष्टासारखे वागणे, रक्ताची उलटी होणे अशी यकृताची अवस्था अचानक ढासळलेल्यांपैकी सुमारे पाचव्या हिश्श्याला खोकला किंवा धाप अशी श्वसनाची लक्षणेच नव्हती. सिरॉसिसचा रुग्ण एकाएकी बिघडला, तर खोकला नसला तरी कोरोनाची चाचणी करून घ्यावी.

फॅटी लिव्हरचे काय? आपल्याकडे तो अनेकांना असतो आणि त्याच्या जोडीला मधुमेह व पोटाचा घेरही असतो. कोरोना गंभीर होण्यात या दोघांचा मोठा वाटा आहे. त्यामुळे फॅटी लिव्हर असलेल्याने साखर, वजन आणि रक्तदाब ताब्यात ठेवणे हाच खरा बचाव.

गैरसमज ४ : यकृत-प्रत्यारोपण झालेल्यांनी कोरोनात प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे बंद करावीत.

वस्तुस्थिती : हा घातक सल्ला आहे. स्वतःच्या मनाने औषध थांबवले तर शरीर नवे यकृत नाकारू शकते. १८ देशांतल्या १५१ प्रत्यारोपित रुग्णांच्या अभ्यासात मृत्यूचे प्रमाण १९ टक्के होते, तर तुलनेसाठी घेतलेल्या इतर रुग्णांत ते २७ टक्के. प्रत्यारोपणाने मृत्यूचा धोका वाढल्याचे दिसले नाही. वय, मूत्रपिंडाची अवस्था आणि कर्करोग या गोष्टी जास्त महत्त्वाच्या ठरल्या. औषधाची मात्रा बदलायची की नाही, हे प्रत्यारोपणाच्या तज्ज्ञांनीच ठरवावे. ऑटोइम्यून हेपटायटिसच्या किंवा हेपटायटिस बीच्या गोळ्या घेणाऱ्यांनीही त्या परस्पर सोडू नयेत.

गैरसमज ५ : पॅरासिटामॉल लिव्हरला विष आहे. त्यापेक्षा दुसरी वेदनाशामक गोळी बरी.

वस्तुस्थिती : पॅरासिटामॉल जास्त झाले तर यकृताला नक्कीच धोका असतो, मात्रेत घेतले तर ते सुरक्षित आहे. निरोगी प्रौढासाठी २४ तासांत ४ ग्रॅम ही कमाल मर्यादा. ६५० मिलिग्रॅमच्या सहा गोळ्यांनीच ती जवळपास गाठली जाते. सर्दीच्या अनेक गोळ्यांतही पॅरासिटामॉल असते. दोन्ही एकत्र घेतल्या की मात्रा नकळत वाढते, म्हणून वेष्टनावरचे घटक वाचावेत. जुना यकृतविकार असलेल्यांना आणि नियमित दारू पिणाऱ्यांना डॉक्टर मर्यादा कमी, साधारण २ ग्रॅम, सांगतात.

याउलट आयबुप्रोफेन किंवा डायक्लोफेनॅक सिरॉसिसच्या रुग्णाच्या मूत्रपिंडाला इजा करू शकतात आणि रक्तस्रावालाही कारण ठरू शकतात. म्हणजे 'लिव्हर वाचवायला' घेतलेली ही गोळी त्यांच्यासाठी पॅरासिटामॉलपेक्षा जास्त धोक्याची.

गैरसमज ६ : काढा आणि गुळवेल नैसर्गिक आहेत, त्यांनी अपाय होत नाही.

वस्तुस्थिती : कोरोनाच्या काळात घरोघरी गुळवेल उकळू लागली. वेल कुंपणावरून तोडून आणायची, रोज सकाळी रस घ्यायचा, असे महिनोन्‌महिने चालले. सप्टेंबर ते डिसेंबर २०२० या काळात मुंबईतल्या डॉक्टरांना यकृताला इजा झालेले सहा रुग्ण आढळले. सगळ्यांनी प्रतिकारशक्ती वाढवण्यासाठी गुळवेल घेतली होती. त्यांच्या यकृताची सूज ऑटोइम्यून हेपटायटिससारखी होती, म्हणजे शरीराची संरक्षक यंत्रणा स्वतःच्याच यकृतावर उलटल्यासारखी. प्रतिकारशक्ती चेतवणारी वनस्पती अशा आजाराची आधीपासून दबलेली प्रवृत्ती जागी करत असावी, असा डॉक्टरांचा कयास आहे.

आयुष मंत्रालयाने जुलै २०२१ मध्ये या निष्कर्षावर आक्षेप घेतला. गुळवेल सुरक्षित आहे आणि रुग्णांनी नेमकी कोणती वनस्पती घेतली याची खात्री झालेली नाही, असे मंत्रालयाचे म्हणणे होते. गुळवेलीसारखीच दिसणारी दुसरी एक जात आहे, त्यामुळे हा मुद्दा अगदीच गैरलागू नाही. पण नंतर देशातल्या १३ केंद्रांनी मिळून अशा ४३ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला आणि त्यातही चित्र तसेच होते.

यावरून गुळवेल घेणाऱ्या प्रत्येकाला त्रास होतो असे मुळीच नाही. पण ज्यांना थायरॉइडचा, संधिवाताचा किंवा दुसरा ऑटोइम्यून आजार आहे, किंवा यकृत आधीच नाजूक आहे, त्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय ती घेऊ नये. आणि कुठलेही औषध घेताना कावीळ दिसली तर काढा, रस, चूर्ण यांचीही नावे डॉक्टरांना सांगावीत. आपण बहुतेकदा फक्त गोळ्यांची नावे सांगतो आणि निदान लांबते.

गैरसमज ७ : लिव्हरच्या रुग्णाने कोरोनाची लस घेऊ नये.

वस्तुस्थिती : लसीनंतर ऑटोइम्यून हेपटायटिससारखी यकृताची सूज आल्याची तुरळक उदाहरणे नोंदली गेली आहेत. पण सिरॉसिसमध्ये कोरोनाचा धोका किती आहे हे वर पाहिलेच. म्हणूनच यकृततज्ज्ञांच्या आंतरराष्ट्रीय संघटनांनी अशा रुग्णांना लस घेण्याचीच शिफारस केली. मार्च २०२१ मध्ये भारतात ४५ ते ५९ वयोगटातल्या आजारी व्यक्तींना लस खुली झाली, तेव्हा प्राधान्याच्या यादीत बळावलेला सिरॉसिस आणि यकृत-प्रत्यारोपण यांचा समावेश होता.

गैरसमज ८ : कोरोनातून उठलो, आता लिव्हरचा प्रश्न मिटला.

वस्तुस्थिती : सौम्य आजार झालेल्या बहुतेकांसाठी हे खरे आहे. अतिदक्षता विभागातून वाचलेल्या काही थोड्या रुग्णांत मात्र पित्तनलिका आकसत जातात आणि कावीळ महिन्यांनी दिसते. न्यूयॉर्कच्या एका रुग्णालय-समूहात दाखल झालेल्या २,०४७ रुग्णांपैकी १२ जणांना हा विकार झाला आणि निदान व्हायला सरासरी ११८ दिवस लागले. प्रमाण कमी आहे, पण गंभीर आजारातून उठलेल्याला अंगाला सतत खाज, गडद लघवी किंवा डोळ्यांत पिवळेपणा जाणवला, तर "अशक्तपणा असेल" म्हणून सोडू नये.

एक शेवटचे सांगणे. कोरोना झाल्यावर यकृतासाठी वेगळे टॉनिक लागत नाही. पुरेसे पाणी, साधा ताजा आहार, दारू पूर्ण बंद आणि मात्रेतली औषधे एवढे बहुतेकांना पुरते. डोळे पिवळे झाले, पोट फुगले, माणूस असंबद्ध बोलू लागला, रक्ताची उलटी झाली किंवा शौच डांबरासारखे काळे झाले, तर कावीळ उतरवणाऱ्याकडे नेऊ नका, रात्र असली तरी थेट रुग्णालय गाठा. आणि घरात सिरॉसिसचा किंवा प्रत्यारोपण झालेला रुग्ण असेल, तर त्याच्या रोजच्या सगळ्या औषधांची यादी आजच कागदावर लिहून ठेवा. घाईच्या वेळी डॉक्टर पहिल्यांदा तीच विचारतील.