सुभाष गुप्ते : मुंबई, लँकेशायर आणि त्रिनिदाद

‘धंदेवाईक’ हा शब्द आपल्या मराठीत उगाच बदनाम झाला आहे. वकील वकिलीवर जगतो, वैद्य वैद्यकीवर जगतो, गवई गाण्यावर जगतो. त्यांस आपण कधी नावे ठेवीत नाही. परंतु खेळाडू खेळावर जगू लागला की आपल्या मध्यमवर्गीय मनास ते खटकते, निदान परवापरवापर्यंत खटकत असे. अमेरिकेकडे पाहा. तेथील बास्केटबॉल खेळणाऱ्या तरुणास स्वदेशातील मोठ्या संघात जागा मिळाली नाही, तर तो स्पेन, इटली, ग्रीस किंवा तुर्कस्तान येथील एखाद्या शहराच्या संघाशी करार करतो, हंगामभर तिकडे खेळतो आणि त्या पैशावर संसार चालवितो. यात त्याला कमीपणा वाटत नाही, आणि त्याच्या शेजाऱ्यांनाही वाटत नाही. हीच वाट सत्तर वर्षांपूर्वी एका मराठी खेळाडूने चोखाळली होती. सुभाष गुप्ते यांच्या त्या कारकिर्दीविषयी आज चार गोष्टी सांगावयाच्या आहेत.

गुप्ते यांचा जन्म ११ डिसेंबर १९२९ रोजी मुंबईस झाला. अंगकाठी किरकोळ, उंची बेताची. वेगाने चेंडू फेकणाऱ्याचे सामर्थ्य त्या देहात नव्हते. जे होते ते मनगटात आणि बोटांत. त्यांची गोलंदाजी लेगब्रेक या प्रकारची. ज्या श्रोत्यांना, विशेषतः भगिनींना, हा शब्द अपरिचित असेल त्यांनी भवरा आठवावा. जाळीचा हिसका देऊन सोडलेला भवरा जमिनीला टेकताच स्वतःच्या गतीने एका बाजूस सरकतो. लेगब्रेक टाकणारा उजव्या हाताचा गोलंदाज जाळीचे काम मनगटाकडून आणि तिसऱ्या बोटाकडून करून घेतो. चेंडू हवेतून कमानीसारखा येतो, फलंदाजाच्या पायांच्या बाजूस टप्पा घेतो आणि तेथून बाहेरच्या अंगाला वळतो. आता हाच गोलंदाज मनगट थोडे अधिक वळवून, हाताची पाठ फलंदाजाकडे करून चेंडू सोडील, तर तो नेमका उलट्या अंगाला वळतो. यालाच गुगली म्हणतात. हात तोच, धाव तीच, आणि चेंडू मात्र वैऱ्यासारखा घरात शिरतो! गुप्ते यांच्यापाशी अशा दोन निरनिराळ्या गुगली होत्या असे जाणकार सांगतात. या विद्येत एक मोठी जोखीम असते. बोट तसूभर चुकले तर चेंडू आखूड पडतो आणि फलंदाज तो सीमेपार धाडतो. म्हणून लेगब्रेक टाकणाऱ्याच्या पाठीशी भरवसा ठेवणारा कप्तान आणि झेल न सोडणारे सोबती लागतात. गुप्ते यांना या दोन्ही गोष्टी पुरेशा लाभल्या असे म्हणवत नाही.

१९५१ च्या अखेरीस कलकत्त्यास ते इंग्लंडविरुद्ध पहिला कसोटी सामना खेळले. त्यात त्यांना एकही गडी मिळाला नाही. खरे नाव झाले ते १९५३ साली वेस्ट इंडीजच्या दौऱ्यात. समोर वॉरेल, वीक्स आणि वॉलकॉट असे त्रिकूट होते. एकट्या वीक्सने त्या पाच सामन्यांत ७१६ धावा जमविल्या, यावरून त्या संघाच्या बळाची कल्पना यावी. तेथे या कृश मुलाने २७ गडी बाद केले. तिकडच्या लोकांनी त्यांना ‘फर्गी’ हे लाडके नाव दिले, कारण त्यांच्याच बेटाचा फर्ग्युसन नावाचा लेगब्रेक गोलंदाज लोकांना आठवला. परक्या गावी मिळालेले टोपणनाव ही मी मोठी पदवी समजतो. पुढे १९५४ च्या डिसेंबरात मुंबईस, पाकिस्तानातून आलेल्या एका संघाविरुद्ध, त्यांनी डावातील दहाही गडी ७८ धावांत बाद केले. प्रथम दर्जाच्या सामन्यात असा पराक्रम करणारे ते पहिले भारतीय. १९५५-५६ साली न्यूझीलंडविरुद्धच्या मालिकेत त्यांनी ३४ गडी टिपले.

आता कोणी विचारील, एवढा यशस्वी खेळाडू पोटापाण्यासाठी करीत काय होता? आपल्या देशात त्या काळी कसोटी सामन्याबद्दल हाती पडे ते काही शे रुपये, आणि सामने तरी वर्षास किती! मागच्या पिढीच्या खेळाडूंना संस्थानिकांचा आश्रय असे: कर्नल नायडू होळकरांकडे, हजारे बडोद्याकडे. संस्थाने विलीन झाली आणि तो आधार गेला. उरली ती टाटा, ए. सी. सी., रेल्वे अशा ठिकाणची नोकरी. नावाला कारकुनी, प्रत्यक्षात त्या कचेरीच्या संघातून खेळणे. खेळून जगायचे असेल तर समुद्र ओलांडण्यावाचून गत्यंतर नव्हते.

समुद्रापलीकडे होते लँकेशायर. भूगोल शिकविताना मी हे नाव मुलांकडून कितीदा घोकून घेतले असेल! दमट हवा, म्हणून सूत तुटत नाही. सूत तुटत नाही, म्हणून कापडाच्या गिरण्या. आपल्या खानदेशाचा तर या परगण्याशी जुना संबंध आहे. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, तिकडचा कापूस बंद पडला आणि लँकेशायरचे माग उपाशी राहिले. तेव्हा जळगावच्या बाजारातून निघालेले कापसाचे गठ्ठे मुंबईमार्गे लिव्हरपूलला जाऊ लागले आणि जळगाव ही मोठी पेठ बनली. त्या गिरण्यांच्या गावांतील मजुरांना शनिवारी दुपारी सुटी असे आणि सुटीचा विरंगुळा म्हणजे क्रिकेट. नेल्सन, अ‍ॅक्रिंग्टन, हॅस्लिंग्डन, रिश्टन अशा जवळजवळच्या चौदा गावांच्या क्लबांची मिळून लँकेशायर लीग झालेली होती. प्रत्येक क्लबात दहा खेळाडू गावचेच, कोणी विणकर, कोणी दुकानदार. आणि अकरावा मात्र करार करून दूरदेशाहून आणलेला धंदेवाईक. त्याने शनिवारी सामना जिंकून द्यावा आणि आठवड्याभरात गावच्या पोरांना शिकवावे, अशी अपेक्षा. त्याने पन्नास धावा केल्या किंवा गड्यांची रांग लावली की प्रेक्षकांत डबा फिरे आणि मजूर आपल्या खिशातली नाणी त्यात टाकीत. आपल्या जत्रेत कुस्ती निकाली झाली की फडावर पैसे जमतात, त्यातलाच हा प्रकार म्हणा ना!

याच लीगमध्ये त्रिनिदादचा कॉन्स्टंटाइन १९२९ पासून नऊ हंगाम नेल्सनकडून खेळला आणि त्यांपैकी सात वेळा ते गाव विजेते ठरले. आपले अमरनाथ तेथे गेले, विनू मंकड गेले. मंकडांची कथा सांगितल्यावाचून पुढे जाववत नाही. १९५२ साली इंग्लंडच्या दौऱ्यात आपली निवड होईल अशी हमी त्यांनी मागितली; ती मिळेना, म्हणून त्यांनी हॅस्लिंग्डनशी करार केला. लीड्सच्या सामन्यात आपल्या संघाचे चार गडी शून्यावर बाद झाले, तेव्हा त्याच मंकडांना त्या क्लबाकडून मागून आणावे लागले. लॉर्ड्सवर त्यांनी ७२ आणि १८४ धावा केल्या, शिवाय पाच गडी बाद केले. सामना हरलो तो हरलोच. परंतु हमी न देणाऱ्यांना काय वाटले असेल, याची मला अजून उत्सुकता आहे.

गुप्ते यांनी पन्नाशीच्या दशकात रिश्टनची नोकरी धरली. ब्लॅकबर्न आणि अ‍ॅक्रिंग्टन यांच्यामधले हे छोटेसे विणकरांचे गाव. जगातील अव्वल लेगब्रेक गोलंदाज तेथे शनिवारी गिरणी कामगारांसमोर आपली विद्या प्रकट करीत होता. इकडे आपल्या देशात ते कधी मुंबईकडून, कधी बंगालकडून, पुढे राजस्थानकडूनही खेळले. जेथे काम, तेथे मुक्काम.

१९५८ च्या डिसेंबरात कानपूरला त्यांनी वेस्ट इंडीजच्या पहिल्या डावात १०२ धावांत नऊ गडी बाद केले. त्यांत सोबर्सही होता. दहावा गडी गिब्ज. त्याचा झेल गुप्ते यांच्याच चेंडूवर यष्टिरक्षकाच्या हातून सुटला आणि मग तो रांजणे यांनी त्रिफळा उडवून टिपला, असे सांगतात. तो झेल राहिला असता तर डावात दहा गडी हा विक्रम कुंबळे यांच्याआधी चाळीस वर्षे आपल्या दप्तरी लागला असता. आणि इतके करून आपण तो सामना २०३ धावांनी गमावला!

१९६१ चा डिसेंबर उजाडला. कानपूरला गुप्ते यांनी इंग्लंडचे पाच गडी बाद केले आणि आपल्याविरुद्ध प्रथमच इंग्लंडवर फॉलोऑनची नामुष्की आली. पुढचा सामना दिल्लीस होता. त्यांना बत्तिसावे वर्ष नुकतेच पुरे झाले होते. इंपीरियल हॉटेलात त्यांच्या खोलीतील सोबती होते कृपालसिंग. हॉटेलात स्वागतकक्षावर काम करणाऱ्या एका तरुणीने तक्रार केली की, या खोलीतून दूरध्वनी करून आपणास अनुचित विचारणा झाली. आपण केवळ पेय मागविले, असे कृपालसिंगांचे म्हणणे. दूरध्वनी गुप्ते यांनी केलेलाच नव्हता. तरी मंडळाने दोघांनाही संघाबाहेर ठेवले. सोबत्याला आवरले का नाही, असे आपणास विचारण्यात आले, हे गुप्ते पुढे सांगत. आणि तो धिप्पाड गृहस्थ, त्याला मी कसा आवरणार, हे त्यांचे उत्तर होते.

मी हयात शाळेत घालविली आहे. एका बाकावर बसतो म्हणून दुसऱ्या मुलालाही छडी देणारा मास्तर मुलांच्या नजरेतून कायमचा उतरतो. तरुणीच्या तक्रारीची चौकशी व्हावयासच हवी होती. परंतु चौकशी म्हणजे कोणी काय केले ते शोधणे. खेळ हीच ज्याची उपजीविका, त्याला असे बाहेर काढणे म्हणजे कारागिराची हत्यारे जप्त करणे होय. कृपालसिंग पुढे १९६४ पर्यंत कसोटी सामन्यांत दिसले. गुप्ते यांना पुन्हा बोलावणे आले नाही. ३६ सामन्यांत १४९ गडी हा त्यांचा हिशेब तेथेच थांबला. भारतीयांत त्यांच्या पुढे तेव्हा एकटे मंकड होते, ४४ सामन्यांत १६२ गड्यांसह. लगेच १९६२ मध्ये आपला संघ वेस्ट इंडीजला गेला आणि पाचही सामने हरला.

ज्या बेटावर ते खेळू शकले नाहीत, तेथेच त्यांचे घर झाले. १९५३ च्या दौऱ्यात त्रिनिदादच्या एका भारतीय वंशाच्या कन्येशी त्यांची ओळख झाली होती. तिच्याशीच त्यांचा विवाह झाला. उसाच्या मळ्यांवर राबण्यासाठी १८४५ पासून आपल्या देशातून जहाजांनी नेलेल्या मजुरांची ही प्रजा; तिने या मुंबईकराला आपला मानला. ते त्रिनिदादच्या संघाकडूनही खेळले आणि प्रथम दर्जाच्या सामन्यांत एकूण ५३० गडी बाद करून थांबले. सोबर्सने त्यांच्याशी दोन हात केले होते आणि पुढे शेन वॉर्नलाही पाहिले. तरी आपण पाहिलेला सर्वांत थोर लेगब्रेक गोलंदाज गुप्तेच, असे तो सांगत राहिला. २००० साली आपल्या मंडळाने त्यांना कर्नल नायडूंच्या नावाचा जीवनगौरव पुरस्कार दिला. ३१ मे २००२ रोजी पोर्ट ऑफ स्पेन येथे, वयाच्या बहात्तराव्या वर्षी, त्यांचे निधन झाले.