एक नाक, पाच जिल्हे

पोलिसांच्या कुत्र्यांचा विषय निघाला की लोक हटकून चोराचा माग काढत शेतं तुडवत गेलेल्या कुत्र्याची गोष्ट सांगतात. माझं वेड बॉम्ब हुंगणाऱ्याचं. वास लागला की हा भुंकत नाही, उकरत नाही, मुकाट्याने खाली बसतो. उकरताना एखादी तार हलली तर संपलंच सगळं! त्याच्या या बसण्याला पोलीस ‘इंडिकेशन’ म्हणतात.

असे कुत्रे शेजारच्या जिल्ह्यांतून उसने कसे आणतात ते सांगायचंय, त्याआधी पार्श्वभूमी थोडक्यात उरकतो. वाशीम जिल्हा १ जुलै १९९८ रोजी अकोल्यातून वेगळा झाला. तालुके सहा. पोलिसांच्या अमरावती परिक्षेत्रात अकोला, बुलढाणा, यवतमाळ आणि अमरावती ग्रामीण हे त्याचे शेजारी.

आता नाकाकडे वळू. कुत्रा हुंगतो तेव्हा सेकंदाला पाचेक वेळा हवा आत घेतो. सोडलेला श्वास नाकपुडीच्या कडेच्या चिरेतून बाजूला जातो, त्यामुळे समोरचा वास विस्कटत नाही. आत घेतलेल्या हवेचा एक हिस्सा श्वासाच्या वाटेला न लागता थेट वास ओळखणाऱ्या पडद्यांकडे जातो. पण या यंत्राचं वैर उन्हाशी. कुत्र्याला घाम येतो तो पंजांना, तोही नावापुरता. अंग निववायचं तर धापाच टाकायच्या. आणि तोंड उघडून धापा टाकणारा कुत्रा नीट हुंगू शकत नाही. आमच्या वऱ्हाडात रामनवमीच्या सुमारास पारा चाळिशीला टेकलेला असतो, आणि नेमकी तेव्हाच वाशीम जिल्ह्याच्या मानोरा तालुक्यातल्या पोहरादेवीला देशभरचा बंजारा समाज लोटतो.

मंच, मंडप, वाहनतळ, विश्रामगृह, कुणी बडा पाहुणा असेल तर हेलिपॅडसुद्धा. या सगळ्याची घातपातविरोधी तपासणी करायची आणि कुत्र्याला थोड्या थोड्या वेळाने सावलीत न्यायचं, म्हणजे एका कुत्र्याचं हे काम नव्हेच. ५ ऑक्टोबर २०२४ रोजी पंतप्रधान पोहरादेवीला बंजारा विरासत संग्रहालयाच्या उद्घाटनाला आले होते. असल्या बंदोबस्ताला शेजारच्या जिल्ह्यांनी कुत्रे पाठवण्याचा शेजारधर्मच कामी येतो.

मात्र कुत्रा उसना मागणं म्हणजे शेजारून पाटा-वरवंटा आणणं नाही. त्याच्याबरोबर त्याचा हँडलरही यावाच लागतो. अशाच एका बंदोबस्तात मी एका हवालदाराला निरखत होतो. हुकूम सगळे इंग्रजीत, ‘सर्च’, ‘सिट’. काम संपल्यावर मात्र कुत्र्याचा कान खाजवत म्हणाला, ‘‘बैस ना बे आता, किती फिरतं!’’ मग खिशातून दातांच्या खुणांनी चाळण झालेला रबरी चेंडू काढला. त्या चेंडूसाठीच हे सगळं चाललेलं असतं. बॉम्ब म्हणजे काय ते त्या जिवाला ठाऊक नाही. ठरावीक वास सापडला की खेळायला मिळतं, एवढंच त्याला माहीत.

शेजारधर्माचं मोठं उदाहरण झंजीरचं. पुण्यात शिकलेला, सोनेरी रंगाचा हा लॅब्राडोर मुंबई पोलिसांच्या पथकात होता. १२ मार्च १९९३ च्या स्फोटांनंतर त्याने हुडकलेल्या साठ्यात ३,३२९ किलो आरडीएक्स, ६०० डिटोनेटर आणि २४९ हातबॉम्ब होते. त्याच्या नाकाने मुंबईची हद्द मानली नाही; मुंब्रा आणि ठाण्यालाही तो उपयोगी पडला. १६ नोव्हेंबर २००० रोजी हाडांच्या कर्करोगाने तो गेला, तेव्हा पोलिसांनी त्याला इतमामाने निरोप दिला.

थोडं विषयांतर करतो. आपल्याकडे विहिरी खोदताना खडक लागला की जिलेटिनच्या कांड्यांनी सुरुंग लावतात. हे काम करणाऱ्याची पिशवी जत्रेत आली आणि कुत्रा तिच्यापुढे बसला, तर लोक म्हणणार, ‘कुत्रं चुकलं.’ ते चुकलेलं नसतं. ती पिशवी कुणाची, हे शोधणं माणसाचं काम. म्हणून बाहेरून आलेल्या पथकासोबत गावाची माहिती असलेला स्थानिक शिपाई हवाच, असं माझं ठाम मत आहे.

दुसरं मत कुणी विचारलेलं नाही, तरी सांगतो. परिक्षेत्रासाठी एखादं सामाईक जादा पथक ठेवायचं झालं तर ते वाशीम जिल्ह्यातल्या कारंजाला ठेवावं. वाशीम, अकोला, अमरावती आणि यवतमाळ या चारही शहरांच्या जवळपास मधोमध हे गाव, आणि तालुक्यातून समृद्धी महामार्गही जातो. बुलढाणा तेवढं लांब पडेल. गाडी मात्र वातानुकूलित द्या. मे महिन्यात तापल्या पत्र्याच्या जीपमधून आणलेला कुत्रा उतरल्या उतरल्या धापाच टाकत बसेल.